खासगी वैमानिक परवाना चालू ठेवायचा आहे: उरलेले तास नेमके कसे उडवावेत?

ढगापलीकडे

नमस्कार. साडेतीन वर्षांपूर्वी मला खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला. तो युरोपीय नियमांखालचा, म्हणजे ईएएसएचा आहे आणि त्यावर एकच पिस्टन इंजिन असलेल्या, जमिनीवर उतरणाऱ्या विमानांचे रेटिंग (त्या वर्गाचे विमान उडवण्याची मुभा) आहे. या रेटिंगची मुदत दोन वर्षांची असते. पहिल्या खेपेस ते वाढवून घेताना काही जड गेले नाही, कारण परवाना नवा होता, हौस ताजी होती आणि आभाळ जरा निवळले की मी विमानतळावर हजर असे. या खेपेस मात्र घोडे अडले आहे.

मुदत संपायला पाच महिने उरले आहेत. शेवटच्या बारा महिन्यांत बारा तास उडायला हवे, हे मला ठाऊक आहे. त्या बारांपैकी सात महिने निघून गेले आणि लॉगबुकात या काळातले ४ तास २० मिनिटे आणि ५ अवतरणे एवढेच जमा आहे. ही सगळी उड्डाणे मी पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक, म्हणून केली. शेवटचे उड्डाण चार महिन्यांपूर्वीचे आहे. कामाचा व्याप, घरातले एक आजारपण आणि दोनदा ऐन वेळी फिरलेले हवामान ही कारणे खरी आहेत, परंतु सगळे दुखणे तेवढ्यात नाही. त्या शेवटच्या उड्डाणात डावीकडून वारा असताना माझे विमान धावपट्टीवर टेकून पुन्हा उसळले, दुसऱ्यांदा टेकले तेव्हा नाक थोडे तिरके होते आणि टायर घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. विमानाला काही झाले नाही, नंतरच्या तपासणीतही काही निघाले नाही. पण तेव्हापासून वाऱ्याचा अंदाज दहा नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर गेला की मी आरक्षण रद्द करतो, हे कबूल करायला हवे.

आता माझ्यासमोर तीन वाटा दिसतात. शेवटच्या महिन्यात सुटी काढून उरलेले सगळे तास सलग उडवावेत, किंवा तासांचा नाद सोडून थेट परीक्षकासमोर प्रावीण्य चाचणी द्यावी, किंवा ज्याच्याकडे परवाना आहे अशा एका मित्राला सोबत घेऊन दोघांनी मिळून तास वाटून घ्यावेत. यांपैकी शहाणपणाची वाट कोणती? मेडिकलची, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राची, तेवढी चिंता नाही. मी अडतीस वर्षांचा असताना घेतलेले दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि मी आता एक्केचाळीसचा आहे, म्हणजे अजून वर्षभर तरी ते चालेल.

कलमवाचक

ढगापलीकडे यांस, ज्या गोष्टीची आपल्याला चिंता वाटत नाही, तिथूनच सुरुवात करतो. कृपया आज घरी गेल्यावर मेडिकल प्रमाणपत्र बाहेर काढून त्यावर छापलेली तारीख वाचा. दुसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत ६० महिने चालते हे अर्धेच वाक्य आहे. उरलेले अर्धे असे, की चाळिशीपूर्वी दिलेले प्रमाणपत्र धारकाला बेचाळीस वर्षे पूर्ण झाली की संपते, मग ६० महिने भरलेले असोत वा नसोत. चाळीस ते पन्नास या वयात मुदत २४ महिन्यांची असते, पन्नाशीपूर्वी दिलेले प्रमाणपत्र एक्कावन्नाव्या वाढदिवसापलीकडे जात नाही आणि पन्नाशीनंतर ती १२ महिन्यांवर येते. म्हणजे आपल्या हिशेबात एक वर्ष जास्तीचे धरले गेले आहे. तपासणी मुदत संपण्याच्या आधीच्या ४५ दिवसांत करून घेतली, तर नवी मुदत जुन्या तारखेपासून मोजली जाते आणि एकही दिवस वाया जात नाही.

आपण ज्याला सरसकट ‘परवाना चालू ठेवणे’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या मुदती असतात आणि त्या एकमेकींची वाट पाहत नाहीत. परवाना स्वतः ईएएसएच्या व्यवस्थेत संपत नाही. रेटिंग संपते, मेडिकल संपते आणि प्रवासी नेण्याचा हक्क तर दर ९० दिवसांनी संपायला टपलेला असतो. आपला हा हक्क आधीच संपलेला आहे. मागच्या ९० दिवसांत त्याच वर्गाच्या विमानात तीन टेकऑफ, तीन अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) आणि तीन अवतरणे झालेली नसतील तर प्रवासी बसवता येत नाही. रात्री प्रवासी न्यायचे असतील तर त्यांतले निदान एक रात्रीचे हवे, अर्थात इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांवर उडण्याची मुभा) असेल तर ती अट लागत नाही. ही तीन अवतरणे एकट्याने किंवा प्रशिक्षकासोबत करून हक्क परत मिळवता येतो.

यातच आपल्या मित्राविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. एका वेळी विमानाचा पायलट-इन-कमांड एकच असतो. मित्राकडे परवाना असला तरी आपण कमांडमध्ये असताना तो प्रवासीच ठरतो, आणि तो कमांडमध्ये असताना आपण नुसते शेजारी बसलेले असतो. ते तास आपल्या लॉगबुकात जात नाहीत. जाताना एकाने आणि येताना दुसऱ्याने असे टप्पे वाटून घेता येतात, पण एकाच तासाचे दोन तास होत नाहीत. मला हा गैरसमज इतक्या वेळा भेटला आहे की तो स्वतंत्रपणे सांगावासा वाटला.

आता हिशेब. शेवटच्या बारा महिन्यांत बारा तास हवेत, त्यांपैकी सहा पायलट-इन-कमांड म्हणून हवेत, १२ टेकऑफ आणि १२ अवतरणे हवीत आणि प्रशिक्षकासोबत निदान एका तासाचे उजळणी प्रशिक्षण हवे. आपल्याकडे कमांडचे ४ तास २० मिनिटे आहेत, म्हणजे त्या खात्यात १ तास ४० मिनिटे एवढीच तूट आहे. एकूण तूट ७ तास ४० मिनिटांची आहे. याचा अर्थ उरलेले पूर्ण सहा तास प्रशिक्षकासोबत उडवले तरी नियम भागतो. नियमातील एक तास हे किमान आहे, कमाल नव्हे. लोक तो उरकायचा तास समजतात, ही गोष्ट वेगळी.

प्रावीण्य चाचणीची वाट खुलीच आहे. ती मुदतीच्या आधीच्या तीन महिन्यांत दिली तर पुढची दोन वर्षे जुन्या तारखेपासूनच मोजली जातात. मात्र कोणत्याही वाटेने गेलात तरी मुदत संपण्यापूर्वी परीक्षकाची, किंवा त्यासाठी अधिकार मिळालेल्या प्रशिक्षकाची, परवान्यावर नोंद आणि सही झाली पाहिजे. तास भरले, पण सही राहिली, असे शेवटच्या आठवड्यात घडते. मुदत एका दिवसाने जरी उलटली तरी रेटिंग गेले. मग किती प्रशिक्षण लागेल हे आधी ठरवले जाते, ते पूर्ण करावे लागते आणि त्यानंतर चाचणी द्यावीच लागते. तोवर एकट्यानेही विमान नेता येत नाही.

चोवीस महिने

कलमवाचक यांनी युरोपीय बाजू नेमकी मांडली आहे. माझा परवाना अमेरिकेचा, म्हणजे एफएएचा आहे. कोणी वाचक दोन्हींची सरमिसळ करू नये म्हणून तिकडची रीत थोडक्यात सांगतो. तिथेही परवाना कधी संपत नाही, पण दर २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाइट रिव्ह्यू करावा लागतो: निदान एक तास जमिनीवरचा अभ्यास आणि निदान एक तास हवेत. बारा तासांची अट नाही. हा रिव्ह्यू परीक्षा नसल्यामुळे त्यात कोणी नापास होत नाही. प्रशिक्षकाचे समाधान झाले नाही तर तो रिव्ह्यूची सही देत नाही आणि ते उड्डाण साधे प्रशिक्षण म्हणून नोंदवतो, एवढेच. प्रवाशांसाठी ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन अवतरणे ही अट तिथेही आहे. रात्रीसाठी ती तीनही पूर्ण थांबून करावी लागतात आणि ‘रात्र’ सूर्यास्तानंतर एका तासाने सुरू होऊन सूर्योदयाच्या एक तास आधी संपते. शेपटीला चाक असलेल्या विमानात दिवसाही पूर्ण थांबावे लागते. तिसऱ्या वर्गाचे मेडिकल तपासणीच्या दिवशी वय चाळिशीच्या आत असेल तर ६० महिने आणि त्यापुढे २४ महिने चालते. २०१७ पासून अनेकांसाठी बेसिकमेड (नेहमीच्या डॉक्टरकडून तपासणी) हा दुसरा मार्गही आहे.

खरे सांगायचे तर मला आपल्या बारा तासांच्या नियमाचा हेवा वाटतो. आमच्याकडे एखादा माणूस २३ महिने विमानाकडे फिरकला नाही आणि एका दुपारी रिव्ह्यू उरकून गेला, तरी कागदावर तो पूर्ण चालू असतो. मी स्वतः एकदा तसा चालू होतो. त्या दिवशी मला फ्लॅपची (उतरताना पंखामागे खाली सोडायच्या झडपांची) कळ शोधावी लागली होती.

उजवी सीट

मी बरीच वर्षे शिकवते आहे आणि माझे बहुतेक आयुष्य उजव्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या, सीटवर गेले आहे, म्हणून तिथून जे दिसते तेच लिहिते.

शेवटच्या महिन्यात सलग तास उडवण्याची कल्पना सोडून द्या. सलग तीन दिवस उडून आठ तास भरणारे लोक माझ्याकडे येतात. तिसऱ्या दिवशी ते चांगले उडतात आणि चार महिन्यांनी पुन्हा होते तिथेच असतात. हाताची सवय तासांच्या बेरजेने टिकत नाही, ती दोन उड्डाणांमधल्या अंतराने टिकते किंवा जाते. आपल्याकडे पाच महिने आहेत. दर तीन आठवड्यांनी एक तास धरला तरी सात उड्डाणे होतात आणि हिशेब जवळजवळ पुरा होतो. एखाद्या आठवड्यात हवामान बिघडले तरी सुटीवर बसलेल्या माणसासारखी घालमेल होत नाही. शेवटच्या महिन्यावर भिस्त ठेवणाऱ्याचे निर्णय ढग पाहून होत नाहीत, कॅलेंडर पाहून होतात. न उडणे हाच योग्य निर्णय असतो तेव्हा तो घेण्याची मोकळीक आपल्याकडे असावी, यासाठीच लवकर सुरुवात करायची.

आता त्या उसळलेल्या अवतरणाविषयी, कारण माझ्या मते आपला मूळ प्रश्न तोच आहे. आपण अंदाजात दहा नॉट पाहून आरक्षण रद्द करता, पण दहा नॉट या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. धावपट्टी २७, म्हणजे २७० अंश दिशेची, आहे आणि वारा ३०० अंशांवरून १४ नॉट आहे असे समजा. कोन ३० अंशांचा झाला. घड्याळाच्या काट्यांचा हिशेब सगळ्यांना शिकवलेला असतो: १५ अंशांना पाव, ३० अंशांना अर्धा, ४५ अंशांना पाऊण आणि ६० किंवा त्याहून अधिक अंशांना पूर्ण वारा बाजूचा धरायचा. म्हणजे या १४ नॉटपैकी बाजूने फक्त ७ येतात आणि बाकीचा वारा समोरून येऊन आपल्याला मदतच करतो. उलट, ३५० अंशांवरून येणारे ९ नॉट जवळजवळ सगळेच्या सगळे बाजूने येतात. सेसना १७२ एसच्या पुस्तिकेत १५ नॉटचा बाजूचा वारा ‘दाखवून दिलेला’ म्हणून नमूद आहे. ती विमानाची कायदेशीर मर्यादा नाही, आणि आपली वैयक्तिक मर्यादा तर मुळीच नाही. आपली मर्यादा सध्या ५ नॉट असेल तर ती लिहून ठेवा आणि प्रशिक्षकासोबत ८ नॉटच्या दिवशी मुद्दाम बाहेर पडा. फोनवर आरक्षण करतानाच सांगा की मला शांत दिवस नको आहे. असे सांगणारा विद्यार्थी मला वर्षातून एकदोनदाच भेटतो.

उसळण्याचे कारण वर्णनावरून खात्रीने सांगता येणार नाही, परंतु डावीकडून वारा आणि टेकताना तिरके नाक हे ऐकले की माझे लक्ष प्रथम पायांकडे जाते. शेवटच्या टप्प्यात विमान वाऱ्याकडे नाक करून खेकड्यासारखे येते. ते धावपट्टीच्या रेषेत आणण्याचे काम रडरचे (शेपटीवरच्या उभ्या झडपेचे), म्हणजे उजव्या पायाचे आहे, आणि त्याच क्षणी विमान उजवीकडे वाहून जाऊ नये म्हणून डावा पंख थोडा खाली ठेवणे हे एलेरॉनचे, म्हणजे पंखांच्या टोकाकडच्या झडपांचे, काम आहे. या स्थितीत डावे चाक आधी टेकते, मग उजवे, मग पुढचे, आणि ते तसेच टेकायला हवे. बरेच दिवस न उडलेल्या माणसाचे हात यातले पहिले अर्धे बरोबर करतात, चाक टेकले की सगळे सैल सोडतात. वास्तविक वेग कमी होत जातो तसा एलेरॉनचा प्रभावही कमी होतो, म्हणून टेकल्यानंतर योक (हातातले सुकाणू) वाऱ्याच्या बाजूला अधिकाधिक वळवत न्यायचा असतो, अगदी टोकापर्यंत. आमच्या वेळी एक ज्येष्ठ प्रशिक्षक म्हणत की विमान बांधून ठेवेपर्यंत ते उडतच असते, आणि त्यात विनोद फार थोडा आहे.

आणि विमान उसळलेच, तर योक पुढे ढकलू नका. पुढचे चाक आधी टेकण्याचा आणि मोडण्याचा तो राजमार्ग आहे. उसळी लहान असेल तर नाक होते तसे धरून, थोडी पॉवर देऊन, पुन्हा हळूच उतरू द्या. मोठी असेल किंवा मनात किंचितही शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे. पूर्ण थ्रॉटल, नाक आवरून धरणे, कारण उतरताना लावलेल्या ट्रिममुळे (नाकाचा तोल धरणाऱ्या जुळणीमुळे) ते जोराने वर जाऊ पाहते, उजवा पाय, फ्लॅप एकदम न काढता टप्प्याटप्प्याने. आपण त्या दिवशी दुसऱ्यांदा टेकू दिलेत, म्हणजे गो-अराउंडचा विचार आला नाही किंवा आला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मी असते तर पहिल्या तासात चांगले चाललेले दोन अप्रोचही मोडायला लावले असते. गो-अराउंड हा फसलेल्या अवतरणाचा शेवट वाटतो तोवर तो वेळेवर होत नाही.

बाकीच्या तासांत दोन गोष्टी मला हव्याच असतात. पहिली म्हणजे स्टॉल (पंखांची उचल सुटणे), पण पुस्तकातला नाक वर करून शांतपणे केलेला नव्हे, तर बेसवरून फायनलवर (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वळताना होऊ शकणारा, तो मात्र भरपूर उंचीवर. वळण चुकून धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेले की माणूस रडरने नाक ओढू पाहतो आणि योक मागे घेतो. उंची राखून ४५ अंश तिरके वळलो तर भार १.४१ पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांत भार दुप्पट होतो आणि वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात ५० नॉटला स्टॉल होणारे विमान तिथे सुमारे ७० नॉटलाच हात टेकते, आणि नवल म्हणजे फायनलवर आपण साधारण त्याच वेगाच्या आसपास असतो. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन बंद पडल्याचा सराव. मी थ्रॉटल मागे घेतले की बहुतेक जण आधी रेडिओकडे हात नेतात. आधी वेग, मग जागा, मग कारण, मग रेडिओ. १७२ एसमध्ये तो वेग ६८ नॉट आहे आणि हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल अंतर मिळते. शेत निवडताना लांब जाण्याचा मोह या दीड मैलाने आवरला पाहिजे.

प्रावीण्य चाचणीविषयी एवढेच म्हणेन की ती चांगलीच वाट आहे, पण तयारीशिवाय नव्हे. वरचे सहा तास केल्यावर चाचणीची गरज उरणार नाही, आणि तरीही द्यावीशी वाटली तर ती सोपी जाईल.

सहा वर्षांनी परत

माझे रेटिंग संपले, मी ते संपू दिले आणि सहा वर्षांनी परत आलो. म्हणून संपू दिल्यास काय होते याची हकिकत लिहितो.

विमान हवेत ठेवणे विसरलो नव्हतो. पहिल्याच उड्डाणात उंची आणि दिशा बऱ्यापैकी राखली आणि माझा आत्मविश्वास नको तितका वाढला. जे गेले होते ते बारीकसारीक होते, म्हणून त्याचा पत्ता लागायला वेळ लागला. सर्किटमध्ये (विमानतळाभोवतीच्या फेरीत) पॉवर कमी करण्यापूर्वी कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) लावणे हे पूर्वी हात आपोआप करत असे. आता तो हात मांडीवर पडून राहिला. हवा दमट होती आणि बाहेर तापमान शून्याच्या बरेच वर होते, आणि नेमक्या अशाच हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, हे मला परीक्षेत पाठ होते. प्रशिक्षकाने काही न बोलता आरपीएमच्या काट्याकडे बोट दाखवले. काटा थोडा खाली सरकला होता आणि मी ते पाहिलेच नव्हते.

रेडिओवर त्याहून फजिती झाली. डाउनविंडला (फेरीतल्या धावपट्टीला समांतर टप्प्यावर) बोलावणे आले तेव्हा मी शिकताना ज्या विमानात बसत असे त्याचे नाव सांगितले. सहा वर्षे मागचे ते नाव जिभेवर तसेच बसले होते. टॉवरने शांतपणे विचारले की आपण कोण आहात. मला पुन्हा चाचणीसाठी तयार व्हायला किती तास लागले ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ते प्रत्येकाचे वेगळे असतात आणि वाचणारा तोच आकडा धरून बसतो. परंतु ते बारापेक्षा बरेच जास्त होते. आपल्या हातात अजून पाच महिने आहेत, ढगापलीकडे. मला ते तेव्हा मिळाले असते तर मी रेटिंग संपू दिले नसते.

आणखी एक बारीक सूचना. उडायला जमत नसेल त्या आठवड्यातही विमानतळाचे हवामान वाचत जा आणि ‘आज मी गेलो असतो का’ याचे उत्तर लिहून ठेवा. त्याला परवाना लागत नाही आणि निर्णयाची सवय टिकते.

ढगापलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. कलमवाचक यांचे विशेष, कारण प्रमाणपत्र काढून पाहिले आणि त्यावर माझ्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचीच तारीख छापलेली आहे. साडेतीन वर्षे ते पाकिटात होते आणि मी ती तारीख एकदाही वाचली नव्हती. वाढदिवसाला सात आठवडे आहेत, म्हणजे ४५ दिवसांची खिडकी पुढच्या आठवड्यात उघडते. तपासणीची वेळ घेतली आहे. मित्रालाही प्रवासी म्हणून नेण्याचा बेत तूर्त बाजूला ठेवला आहे.

उजवी सीट यांच्या सांगण्याप्रमाणे प्रशिक्षकाला फोन करून ‘मला थोडा वारा असलेला दिवस हवा आहे’ असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती.

एक शंका उरली आहे. घरी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर आहे, पायाचे पेडलही आहेत. मधल्या तीन आठवड्यांत त्यावर क्रॉसविंडचा (बाजूच्या वाऱ्याचा) सराव केला तर उपयोग होईल का?

उजवी सीट

तासांत ते धरले जात नाहीत, हे आपल्याला माहीत असेलच. उपयोगाचे म्हणाल तर चेकलिस्ट, रेडिओवरची वाक्ये, सर्किटमधला क्रम आणि इंजिन बंद पडल्यावरची कामे यांसाठी घरचा सिम्युलेटर उत्तम आहे, आणि सहा वर्षांनी परत आलेल्या सदस्याची कार्ब्युरेटर हीट तिथेच वाचली असती. अवतरणासाठी मात्र तो वापरू नका. शेवटच्या वीस फुटांत जमीन जवळ येते ती डोळ्यांच्या कडेने कळते आणि विमान वाहू लागते ते बसल्या जागी अंगाला कळते. पडद्यावर या दोन्ही गोष्टी नसतात. तिथे शिकलेला फ्लेअर (टेकण्यापूर्वी नाक उचलणे) मला पुढच्या तासात पुसून काढावा लागतो.

आणि एक राहिले होते. मेडिकल वैध असणे आणि त्या दिवशी आपण उडण्यास योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्दीवरची साधी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी घरीच बसा, तिने येणारी गुंगी आपली आपल्याला जाणवत नाही.

ढगापलीकडे

पहिले उड्डाण झाले, म्हणून कळवतो. वारा धावपट्टीला सुमारे ४० अंशांवरून ११ नॉट होता, बाजूचा हिशेब मी जमिनीवरच कागदावर केला आणि तो सात ते आठ नॉट आला. पहिल्या अवतरणात उजवा पाय उशिरा आला आणि प्रशिक्षकाला मदत करावी लागली. दुसऱ्यात डावे चाक आधी टेकले, पण टेकताच मी योक सैल सोडला, अगदी वर लिहिले आहे तसा. तिसऱ्यापासून तो वळवत नेणे जमले. चौथ्या अप्रोचमध्ये शेवटच्या पन्नास फुटांत विमान मध्यरेषेच्या उजवीकडे सरकत गेले आणि ते परत आणायच्या नादी न लागता मी थ्रॉटल पुढे केले. प्रशिक्षक काही बोलले नव्हते.

लॉगबुकात १ तास ५ मिनिटे, प्रशिक्षकासोबत, ५ अवतरणे अशी नोंद झाली आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी गो-अराउंड ३ असे लिहून त्यांतल्या एकाखाली रेघ ओढली आहे. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची घेतली आहे आणि त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज मी अजून पाहिलेला नाही.